युकाला किती पाणी

माझं लग्न झालं तेव्हा इंग्रज जाऊन वर्षही झालं नव्हतं. माझं माहेर आत पेणकडचं, भातशेतीचं. मला दिलं ते उरणच्या अलीकडे खाडीकाठच्या गावात, मिठागरवाल्यांच्या घरी. माहेरी सगळे पाण्याची वाट बघायचे, सासरी ते आटण्याची. ही एवढी एक गोष्ट अंगवळणी पडायला मला दोन-तीन वर्षं लागली.

हे मुंबईला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला होते. लग्नानंतर दोन महिन्यांनी साहेब बिऱ्हाड आवरून विलायतेला निघाला. जाताना मडमेनं नोकरांना बोलावून, ज्याला जे हवं ते न्या, असं सांगितलं. खानसाम्यानं जाळीचं कपाट घेतलं, ड्रायव्हरनं आरामखुर्ची. ह्यांनी काय मागावं, तर व्हरांड्यातली एक कुंडी. तीन वर्षं त्या झाडाला पाणी हेच घालत होते, त्याची पानं पुसत होते. दुसऱ्या कुणाच्या हाती ते पडावं असं ह्यांना वाटेना.

भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं मोरा बंदराला, आणि तिथून खांद्यावर घेऊन हे चालत घरी आले. मनगटाएवढं जाड, काटक, उघडं खोड आणि वर शेंड्याला तलवारीच्या पात्यांसारख्या पानांचा झुबका. कुंडी धरून माझ्या कमरेला लागेल एवढी उंची. टोकं बोचणारी.

"काय म्हणायचं ह्याला?" सासूबाईंनी विचारलं.

"युका."

"ऊ का? ऊवा काय घरात कमी हायत?" त्या म्हणाल्या. "घायपात हाय ही. बांधावर लावतात ती घायपात हा मुंबईवरनं खांद्यावर घेऊन आला!"

हे हसले. मला मात्र समजावून सांगितलं, "हे घरातलं झाड आहे. कोकणचा पाऊस त्याला सोसायचा नाही. उजेडाला ठेव आणि नीट सांभाळ. मला मुंबईत खोली मिळाली की तुम्हा दोघांना एकदमच नेईन." दोघं म्हणजे मी आणि झाड.

आमच्या घरात उजेडाची जागा एकच होती. माजघराची पूर्वेकडची खिडकी. आणि त्या खिडकीखाली सासऱ्यांची बाज होती.

सासरे साठीच्या आतलेच होते, पण घराबाहेर पडत नव्हते. जन्मभर त्यांनी मिठागरात काम केलं होतं. माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधी पायात शिंपला घुसला. हंगाम तोंडाशी आलेला म्हणून तशीच जखम घेऊन ते खाऱ्या चिखलात उभे राहिले. पाय चिघळला तो इतका की अलिबागच्या दवाखान्यात गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हापासून बाज, ओटी आणि काखेतली काठी एवढंच त्यांचं जग होतं. बोलणं त्यांनी जवळजवळ टाकलंच होतं. त्या काळी सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, अशीच रीत होती. मी डोक्यावर पदर घेऊन ताट ठेवायची आणि मागं सरायची. त्यांना काही हवं असलं तर ते सासूबाईंना म्हणत, "तिला सांग." मी जेमतेम चार हातांवर उभी असायची.

अशा त्या खिडकीत, त्यांच्या उशाशी, ह्यांनी कुंडी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत नवी नोकरी धरायला लाँचनं परत गेले.

मी रोज सकाळी त्या झाडाला तांब्याभर पाणी घालायची. माझं वय सतराचं. नवरा महिन्यातून एकदा येणार, घर परकं, आणि ह्यांच्या हातची म्हणावी अशी ती एकच वस्तू माझ्यापाशी. पाणी घालताना मला बरं वाटायचं. कधी संध्याकाळीही घालायची. सासरे बाजेवर पडून बघत असायचे. 

पावसाळा लागला. हवेतच एवढा ओलावा की मीठ-मसाल्यांच्या बरण्यांनाही पाझर फुटायचा. माझं पाणी घालणं चालूच होतं. श्रावण आला तसं खालचं एक पान पिवळं पडलं, मग दोन, मग सहा-सात. झाड सुकत चाललं अशी माझी समजूत झाली आणि मी तांब्याचे दोन तांबे केले.

एका सकाळी मी वाकून पाणी घालत असताना बाजेवरून आवाज आला.

"सूनबाय, पुरं."

मी एवढी दचकले की तांब्या कुंडीवरच आपटला. सासूबाई परसात होत्या. म्हणजे ते माझ्याशीच बोलले होते, सरळ.

"मरतंय ते," ते म्हणाले. "तहानेनं न्हाय. बुडून मरतंय. हात लाव बुंध्याला."

मी हात लावला. खोडाचं खालचं बोट-दोन बोटं सडक्या केळीसारखं मऊ झालं होतं. दाबलं तशी घाण वास येणारी लस बाहेर आली. मला रडूच कोसळलं. ह्यांना काय तोंड दाखवू, एवढंच मनात येत होतं. आणि रडताना डोक्यावरचा पदर कधी पडला ते कळलंही नाही.

सासरे उठून बसले. काठीनं कुंडी जवळ ओढली. अंगठ्यानं खोड दाबत दाबत वर जाऊ लागले. मऊ, मऊ, थोडं कमी मऊ, आणि मग एका जागी अंगठा थांबला. "इथून घट्ट हाय. कोयता आन."

"तोडायचं?" सासऱ्यांशी बोललेला माझा तो पहिला शब्द.

"तोडलं न्हाय तर वर चढंल. मना माहीत हाय ना." त्यांनी तुटक्या पायाकडे बघितलंसुद्धा नाही. मीच बघितलं.

मी पानांचा झुबका दोन्ही हातांनी धरला आणि त्यांनी पाटावर ठेवून एका घावात खोड तोडलं. आतून ते मुळ्यासारखं पांढरं, स्वच्छ निघालं. त्यांनी ते नाकाशी नेलं, हुंगलं आणि मान हलवली. मला वाटलं आता मातीत लावायचं. मी कुंडी रिकामी करायला घेतली तर म्हणाले, "घाई नको. ओली जखम मातीत घालू नये. सुकू दे आधी. आठ-दहा दिस."

सासूबाई परसातून आल्या. माझा पदर खांद्यावर, सासऱ्यांच्या हातात कोयता, मधे तोडलेलं झाड. त्या सडका बुंधा उचलून उकिरड्यावर टाकून आल्या आणि दिवसभर आमच्या दोघांशी बोलल्या नाहीत.

तोडलेला शेंडा दहा दिवस खिडकीत उभा होता, मुळाशिवाय, मातीशिवाय. तोडलेली जागा हळूहळू खपलीसारखी कडक झाली. मडमेची चिनी मातीची कुंडी मला सुंदर वाटायची, पण सासऱ्यांनी ती उलटी करून बघितली आणि बाजूला सारली. तिला खाली एकच भोक होतं आणि तेही चिखलानं बुजलेलं. त्यांनी रॉकेलचा डबा अर्धा कापून घेतला, खिळ्यानं तळाला दहा-बारा भोकं पाडली. खाली फुटक्या कौलांचे तुकडे, वर टेकडीवरची मुरमाड माती. मिठागरालगतची माती घ्यायची नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. शेंडा लावला आणि म्हणाले, "आता पानी न्हाय."

"किती दिवस?"

"मी सांगंन तवा."

तीन आठवडे त्यांनी सांगितलं नाही. मला चैन पडेना. एकदा ते ओटीवर गेलेले पाहून मी चूळभर पाणी घातलंच. परत आल्यावर त्यांनी दोन पेरं बोट मातीत खुपसलं, बाहेर काढलं, बोटाला चिकटलेला कण बघितला. मी चुलीपाशी अंग चोरून बसले होते. "सूनबाय," ते तिकडूनच म्हणाले, "मिठागरात पानी घेनं सोपं हाय. बांधातली उघाडी उघडली की खाडी आत येते. कठीन काय ते सांगू? हात बांधून बसनं. ऊन त्याचं काम करतंय आनि मानसानं मधी पडायचं न्हाय."

त्यानंतर मी चोरून पाणी घातलं नाही.

पितृपक्षात एका सकाळी त्यांनी शेंडा दोन बोटांत धरून हलकेच वर ओढला. तो आला नाही. खाली कुणीतरी धरून ठेवावं तसा थांबला. "धरलंन," ते म्हणाले आणि हसले. त्यांचे दोन दात नाहीत हे मला त्या दिवशी कळलं.

नवी नोकरी म्हणून पावसाळाभर ह्यांना सुट्टी मिळाली नव्हती; नंतर हे आले तेव्हा झाड अर्ध्यानं बुटकं झालेलं आणि रॉकेलच्या डब्यात. हे काही विचारण्याआधीच सासरे म्हणाले, "मी तोडलं." बस्स, एवढंच. मी सांगणार होते, पण त्यांनी मला सांगू दिलं नाही.

पुढची सात वर्षं ते झाड आम्ही दोघांनी राखलं. थंडीत महिन्यातून एकदा पाणी, उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, पावसाळ्यात जवळजवळ नाहीच. दर आठवड्याला डबा थोडा फिरवायचा, नाहीतर झाड खिडकीकडे मान वळवून वाकडं होतं. चुलीच्या धुरानं पानांवर काजळी बसायची. मी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची आणि सासरे बाजेवरून बोलत राहायचे. झाडाचं म्हणता म्हणता ते मिठाचं बोलायचे. कुठल्या वाऱ्याला मिठाचा दाणा जाड पडतो, कुठल्या वाऱ्याला भुगा होतो. चांदण्यात मिठागर कसं दिसतं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर नसलेल्या पावलाला खाज कशी सुटली. मी ऐकायची. माझा डोक्यावरचा पदर असायचा, पण आता मधे "तिला सांग" नव्हतं. मुलगी झाली, ती रांगायला लागली, तेव्हा पानांची टोकं कात्रीनं बोथट करायला त्यांनीच सांगितलं.

सासूबाईंना ते झाड कधीच आवडलं नाही. काटेरी झाड घरात म्हणजे भांडण घरात, असं त्या म्हणायच्या. पण भांडण कुणाचंच होत नव्हतं, त्याचाही त्यांना राग यायचा असं मला कधी कधी वाटे.

मग ते उधाण आलं. आषाढातली अमावास्या होती. पावसानं चार दिवस उघडीप दिली होती, पण वारा पश्चिमेचा, जोरकस. भर दुपारी भरतीच्या वेळी खाडीच्या बांधाला खांड पडली. गावातले पुरुष माती, पेंढा, दारांची फळकुटं घेऊन धावले, पण खांड दोन हातांची चार हात आणि चाराची दहा झाली. आमच्या अंगणात पाणी आलं ते आवाज न करता आलं. आधी उंबऱ्यापर्यंत, मग उंबऱ्यावरून.

सासूबाईंनी पोरीला माळ्यावर चढवलं. सासऱ्यांना आम्ही दोघींनी खालून ढकलून आणि वरून ओढून चढवलं. एवढा भारी माणूस आम्ही कसा चढवला ते आज आठवूनही कळत नाही. तांदळाचं पिंप, पीठ, अंथरुणं. जे सुचलं ते वर घेतलं. झाड सुचलं नाही. पाणी मांडीएवढं झालं तेव्हा मी वरून पाहिलं, तो डबा आडवा होऊन माजघरभर फिरत होता.

ओहोटीबरोबर तिन्हीसांजेच्या आत पाणी उतरलं. घरात वीतभर गाळ. शेतातलं लावणीचं भात गेलं, तळं खारं झालं, विहीर खारी झाली. डबा चुलीपाशी कुशीवर पडलेला होता. मी तो सरळ केला. निम्मी माती वाहून गेली होती, झाड तिरकं झालं होतं, पण मुळांनी डबा सोडला नव्हता.

गोडं पाणी टेकडीखालच्या एका विहिरीला तेवढं उरलं. एका हंड्यासाठी दीड-दोन मैल जायचं आणि तिथं सगळं गाव रांगेत. दुसऱ्या दिवशी हंडा आणल्यावर मी त्यातला अर्धा तांब्या घेतला आणि झाडाकडे निघाले. मातीतलं मीठ धुऊन निघालं पाहिजे, एवढं मला एव्हाना कळत होतं.

"ठेव ते," सासरे म्हणाले. आवाज चढलेला होता. "पोरीला पानी मोजून पाजतेस नि झाडाला घालतेस?"

"मरेल ते, बाबा."

"मरंल तर मरंल."

मी तांब्या परत हंड्यात रिता केला. मला त्यांचा राग आला नाही, माझीच लाज वाटली. सासूबाई गाळ उपसत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि पुन्हा खाली बघून उपसायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी पाऊस कोसळला. घराघरांतून बायका हंडे-कळशा घेऊन पागोळ्यांखाली धावल्या. आम्हीही धावलो. सगळी भांडी भरली तेव्हा सासरे काठी घेऊन ओटीच्या कडेला येऊन बसले आणि मला म्हणाले, "आता आन त्याला. पागोळीखाली ठेव."

ज्या झाडाला सात वर्षांत पावसाचा थेंब लागू दिला नव्हता, ते मी पागोळ्यांच्या धारेखाली ठेवलं. डब्याखाली दोन विटा आणि विटांच्या मधे नारळाची करवंटी. भोकांतून झिरपलेलं पाणी करवंटीत जमायचं. सासरे त्यात बोट बुडवायचे आणि जिभेला लावायचे.

"खाडी," ते पहिल्या दिवशी म्हणाले आणि थुंकले.

दुसऱ्या दिवशी, "खाडीच."

चौथ्या दिवशी मला बोलावलं. "बघ तू."

मी बोट जिभेला लावलं. मला ते गोडं वाटलं. तसं म्हणाले तर ते म्हणाले, "जिभेच्या कडेला बघ. टोकाला न्हाय." मी पुन्हा चाखलं. कडेला, अगदी शेवटी, काहीतरी चरचरलं. "हां," ते म्हणाले, "तेच. ते राहिलं तर मूळ जळतं."

ओटीवरून जाणारे-येणारे बघायचे. कुणाचं भात गेलेलं, कुणाची भिंत पडलेली, आणि हा एका पायाचा माणूस करवंटीतलं पाणी चाखत बसलेला. एक शेजारी हसला. सासऱ्यांनी त्याला जवळ बोलावून विचारलं, "तुझ्या शेतातलं मीठ किती राहिलं, तुला कळतं? आन मडक्यातून तिथलं पानी, सांगतो." तो गेला तो खरंच मडकं घेऊन आला. मग आणखी चौघे आले. मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच आमच्या ओटीवर माणसं बसलेली मी पाहिली. कुठलं शेत यंदा सोडायचं, कुठलं पुन्हा पाण्याखाली घालून धुवायचं, ते सासरे जिभेवर ठेवून सांगत होते. सगळंच खरं ठरलं असं नाही. पण पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या सांगण्यावरून धुतलेल्या तीन-चार खाचरांत भात उभं राहिलं.

नवव्या दिवशी ते म्हणाले, "गोडं." तरी आणखी दोन दिवस त्यांनी झाड बाहेर ठेवलं. मग आत आणून, माती सुकेपर्यंत महिनाभर पाणी बंद. खालची सगळी पानं करपून गळाली. शेंड्यातली सात की आठ तेवढी राहिली. ती राहिली म्हणजे झाड राहिलं.

ह्यांना खोली मिळाली ती त्यानंतर दोन वर्षांनी, माझगावला. चाळीत तिसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची. पोरीची शाळाही तिथं होणार होती, तेव्हा जायचं ठरलं. सासू-सासरे गाव सोडायला तयार नव्हते. झाड इथंच राहू द्यावं, असं मी म्हणाले. हे थोडे नाराज झाले. ते खोलीसाठीच तर आणलं होतं. सासऱ्यांनीच मग कोयता मागितला. आता खोड चांगलं लांब झालं होतं. त्यांनी मधे तोडलं. शेंडा मला दिला, खालचा सोट डब्यात ठेवला. "सोटाला फुटंल," ते म्हणाले, "दोन तोंडांनी फुटंल. बघशील."

खरंच दोन तोंडांनी फुटलं. मी ते दिवाळीला येऊन पाहिलं. माझ्या शेंड्यानंही माझगावच्या गॅलरीतल्या खिडकीत मूळ धरलं. तिथं गिरणीची काजळी पुसावी लागायची, एवढाच फरक.

सासरे वारले ते साठ सालानंतर, एका मार्गशीर्षात, दोन दिवसांच्या तापानं. आम्ही लाँचनं पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेरावं झाल्यावर सासूबाईंना आम्ही मुंबईला आणलं. सोटाचा डबा शेजारणीकडे ठेवला. तिनं तो परसात नेला आणि त्या पावसाळ्यात तो सडला. ऐकून मला वाईट वाटलं, पण वाटेल वाटलं होतं तेवढं नाही.

सासूबाई खोलीत आल्या त्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी मी झाडाची पानं पुसत होते. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. बराच वेळ बघत होत्या.

"काय बोलायचा गो तो तुझ्याशी?" त्यांनी एकदम विचारलं.

मला आधी कळलंच नाही.

"तुझा सासरा. पानं पुसताना. तासन्‌तास बोलायचा. मी चुलीकडनं बघायची. पाय गेला नि माझ्याशी तो बोलायचा थांबला. जेव, झोप, भात आन. एवढंच. तीस वर्सं संसार केला मी. आनि तू आल्यावर ह्या घायपातीपाशी बसून…" त्या थांबल्या. रागानं नव्हत्या बोलत. विचारत होत्या.

एवढी वर्षं त्यांना ते झाड काटेरी आहे म्हणून आवडत नाही, असं मी समजत होते. माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. सासरे कधी त्यांच्याबद्दल माझ्याशी बोलले होते का, मी आठवू लागले. फार नाही. पण एकदा म्हणाले होते, की दवाखान्यात पाय कापायच्या आदल्या दिवशी ही एकटी बोटीनं अलिबागला आली, आणि डॉक्टर आत सोडेना तर दाराशी तिन्हीसांजेपर्यंत उभी राहिली. पायासकट माणूस घरी न्यायला आले, असं म्हणाली. ती दारातून दिसत होती, पण तिला तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून आपण झोपेचं सोंग घेतलं, असं ते म्हणाले होते.

मी ते त्यांना सांगितलं.

"जागा होता?" त्या म्हणाल्या. "मेला, जागा होता?" आणि पदर तोंडाला लावून हसत की रडत बसल्या.

मग मी फडकं ठेवलं आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. मिठाच्या दाण्याचं सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं, नसलेल्या पावलाच्या खाजेचं सांगितलं. त्यांना त्यातलं बरंचसं माहीत असणार, पण त्या अडवत नव्हत्या. मुलगी शाळेतून आली तेव्हाही आम्ही तशाच बसलो होतो. त्या म्हणाल्या, "अजून काय म्हनायचा?" मी आठवून आठवून सांगत गेले. पुढं कित्येक दुपारी सांगत होते, आणि संपत आलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, थोडं माझ्या पदरचंही घातलं.